टंचाईची आवई आणि रोजचा धंदा : पेट्रोल साठवावे काय?

भोकरहून नांदेडला माल आणण्यासाठी जाणारे दुकानदार, मोटारसायकलवर गाठोडे बांधून आठवडी बाजार करणारे कापडविक्रेते व मनियार, गावोगावी कामावर जाणारे गवंडी, रंगारी आणि वेल्डिंगवाले या सर्वांचा धंदा पेट्रोलवर चालतो. संपाची बातमी आली की त्यांच्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो : दोन कॅन भरून घरात ठेवावेत का? या प्रश्नाचे उत्तर घाबरून नव्हे, हिशेब करून शोधले पाहिजे.

२०२४ चा अनुभव

भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघात करून खबर न देता पळून जाणाऱ्या चालकास १० वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. तिच्या विरोधात १ जानेवारी २०२४ रोजी देशभर ट्रक व टँकरचालकांनी काम बंद केले. मनमाडजवळ पानेवाडी येथे तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तेथील टँकर उभे राहिले आणि महाराष्ट्रातील अनेक शहरांत पंपांवर रांगा लागल्या. चंदीगडमध्ये तर दुचाकीला २ लिटर आणि चारचाकीला ५ लिटर अशी मर्यादा घालावी लागली. २ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिव आणि वाहतूकदारांची संघटना यांच्यात बोलणी झाली. चर्चेशिवाय हे कलम लागू करणार नाही, असे सरकारने सांगितले आणि चालकांना कामावर परतण्याचे आवाहन झाले. म्हणजे मुख्य संप दोन दिवसांचा होता.

पंप कोरडा का पडतो?

एक साधे उदाहरण घेऊ. एका पंपाच्या टाकीत १२ हजार लिटर पेट्रोल आहे. रोज १५०० गाड्या येतात व सरासरी २ लिटर घेतात. रोजचा खप झाला ३ हजार लिटर. म्हणजे टँकर आला नाही तरी चार दिवस पंप चालेल. आता अफवा पसरली आणि त्याच १५०० जणांनी प्रत्येकी ८ लिटर घेतले, तर १२ हजार लिटर एका दिवसात संपले. कोणी जास्त फिरले नाही, कोणाची गरज वाढली नाही. पंपाच्या टाकीतील तेल लोकांच्या टाक्यांत गेले एवढेच. तोटा मात्र झाला. ज्याच्या गाडीत खरोखर तेल नव्हते तो रिकाम्या हाताने परतला. बहुतेक वेळा तो रोज कमावून रोज खाणारा कारागीर असतो.

घरातील कॅन

१९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते. पण त्यासाठी घट्ट झाकणाचे भांडे हवे. धातूचे असल्यास २५ लिटरपर्यंत, काचेचे वा चिनीमातीचे असल्यास केवळ १ लिटरचे. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या आणि गोडेतेलाचे डबे यात बसत नाहीत. डिझेल इतके सहज पेट घेत नाही म्हणून त्याची मर्यादा बरीच मोठी आहे.

कायद्याहून मोठा प्रश्न जिवाचा आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या चुलीपर्यंत किंवा वेल्डिंगच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. आपल्याकडे खाली कापडाचे किंवा कापसाचे दुकान आणि वर बिऱ्हाड ही रीत आहे. अशा घरात पेट्रोल ठेवणे म्हणजे दोन दिवसांच्या कमाईसाठी सारी पुंजी पणाला लावणे होय. ब्रिटनमध्ये मार्च २०१२ मध्ये टँकरचालकांच्या संपाची शक्यता होती. एका मंत्र्याने लोकांना कॅन भरून ठेवण्याचा सल्ला दिला. यॉर्क शहरात स्वयंपाकघरात पेट्रोल ओतताना एक महिला गंभीर भाजली. संप मात्र झालाच नाही. शिवाय आजचे पेट्रोल इथेनॉलमिश्रित आहे. इथेनॉल ओलावा धरते, त्यामुळे ते फार दिवस ठेवण्याजोगेही नाही.

गरज आणि एहतेकार

साठेबाजीला फिकहमध्ये एहतेकार म्हणतात. घरच्या गरजेपुरते ठेवणे वेगळे आणि भाव चढावा म्हणून माल अडवून धरणे वेगळे, हा फरक फुकहांनी केला आहे. काहींनी हा नियम अन्नधान्यापुरता मानला. पण इमाम अबू यूसुफ यांच्या मते जी वस्तू अडवल्याने लोकांना त्रास होतो तिचा साठा एहतेकारच आहे. टंचाईत रस्त्याकडेला चढ्या भावाने बाटलीतून पेट्रोल विकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. देशाचा कायदाही तेच सांगतो. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यात पेट्रोलियम येते, आणि त्याखालील आदेश मोडल्यास ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग करावे काय?

भोकर-नांदेड जाऊन-येऊन सुमारे ११० किलोमीटर धरा. लिटरला ५० किलोमीटर देणाऱ्या गाडीला २.२ लिटर लागते. १० लिटरच्या टाकीत निम्मे पेट्रोल असले तरी दोन फेऱ्या होतात. २०२४ चा संप तेवढाच होता. म्हणून :

१) टाकी निम्म्यावर आली की भरावी. ही सवय बारमाही असावी, बातमी आल्यावरची नव्हे.

२) संपाची तारीख जाहीर झाली तर पेट्रोल नव्हे, माल आधी आणावा.

३) दोघा-तिघांनी मिळून एक फेरी करावी. मुदखेड-आदिलाबाद मार्गावर भोकर स्थानक आहे. रेल्वेचे वेळापत्रक दुकानात लावून ठेवावे.

४) दोन दिवस पुरेल एवढी रोकड बाजूला ठेवावी. दुकान बंद राहिले तरी चूल बंद पडू नये.

टंचाई वाहतुकीची असेल तर ती थोड्या दिवसांत संपते. त्यासाठी निम्मी टाकी पुरे. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर झाली तशी कच्च्या तेलाचीच अडचण असेल, तर ती महिनोन्महिने चालते. तिथे घरातील दोन कॅन शेवटपर्यंत पुरत नाहीत. दोन्ही परिस्थितींत कॅनचा उपयोग थोडा आणि धोका मोठा आहे.