धर्मप्रचारकाचा एक आठवडा

मनुष्याच्या कार्याची परीक्षा उत्सवाच्या दिवशी होत नाही. ती साध्यासुध्या आठवड्यात होते. यात्रेच्या गर्दीत ओजस्वी भाषण करणारा वक्ता आपल्या लक्षात राहतो. परंतु तोच वक्ता सोमवारी सकाळी किती वाजता उठतो, स्वतःचे कपडे कोण धुतो आणि दाराबाहेर घालविला गेल्यावर काय करतो, हे आपण कधी विचारीत नाही. आमच्या मोहगावास अर्धनारीश्वराच्या दर्शनाकरिता दूरदूरचे लोक येतात. कीर्तनकार, प्रवचनकार, साधू यांचे बोलणे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. म्हणून धर्माचा निरोप घेऊन परमुलखी जाणाऱ्या एका निराळ्या प्रकारच्या प्रचारकाचा साधा आठवडा या लेखात पाहावयाचे आम्ही योजिले आहे. हा प्रचारक म्हणजे अमेरिकेत उदयास आलेल्या मॉर्मन पंथाचा मिशनरी होय.

प्रथम पंथाची ओळख करून घेऊ. जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात या पंथाची स्थापना केली. बायबलच्या जोडीने ‘मॉर्मनचा ग्रंथ’ हाही हे लोक पवित्र मानतात. त्यावरूनच ‘मॉर्मन’ हे नाव रूढ झाले. त्यांचे स्वतःचे नाव मात्र ‘येशू ख्रिस्ताचे उत्तरकालीन संतांचे मंडळ’ अशा अर्थाचे आहे व त्याच नावाने आपणास ओळखावे, अशी त्यांची इच्छा असते. स्मिथ यांचा १८४४ साली जमावाने वध केला. त्यानंतर ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली हे लोक ओसाड प्रदेश तुडवीत १८४७ च्या जुलै महिन्यात सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले व तेथेच वसले. आजही त्यांचे मुख्य स्थान तेच आहे.

या पंथातील प्रचारक बहुधा पोटार्थी धर्मगुरू नसतात. ते विद्यार्थिदशेतून नुकतेच बाहेर पडलेले तरुण-तरुणी असतात. तरुण अठराव्या वर्षापासून जाऊ शकतात व दोन वर्षे काम करतात. तरुणींची मुदत अठरा महिन्यांची असते. वेतन मिळत नाही. खर्च स्वतःच्या शिल्लकेतून किंवा कुटुंबाच्या साह्याने भागवावा लागतो. कोठे जावयाचे, हे ते स्वतः ठरवीत नाहीत. मंडळ सांगेल त्या देशी जावयाचे आणि तेथील भाषा येत नसल्यास ती आधी शिकावयाची. त्यासाठी प्रशिक्षणाची केंद्रे असून यूटा राज्यातील प्रोव्हो येथील केंद्र विशेष प्रसिद्ध आहे. सन २०२४ च्या अखेरीस असे ७० हजारांहून अधिक प्रचारक जगभर काम करीत होते.

आता त्यांच्या आठवड्याकडे वळू. बहुतेक ठिकाणी सोमवार हा त्यांचा तयारीचा दिवस असतो. त्या दिवशी कपडे धुणे, खोली झाडणे, बाजारहाट करणे, केस कापविणे आणि घरी पत्र लिहिणे ही कामे उरकावयाची. आईच्या हातच्या जेवणावर वाढलेल्या मुलास स्वतःची भाकरी स्वतःच थापावी लागली म्हणजे काय होते, याची कल्पना नागपुरास खोली घेऊन शिकलेल्या आपल्या गावच्या कोणत्याही मुलास असेल. पूर्वी हा नियम फार कडक होता. घरच्या मंडळींशी फोनवर बोलण्याची परवानगी वर्षातून नाताळ आणि मातृदिन अशा एक-दोन प्रसंगीच असे. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्यास तयारीच्या दिवशी घरी बोलण्याची मुभा मिळाली. ज्या आईने त्यापूर्वी मुलास धाडले, तिने त्याचा आवाज दोन वर्षांत किती थोड्या वेळा ऐकला असेल!

मंगळवारपासून नित्यक्रम सुरू होतो. साधारणतः सकाळी साडेसहास उठावयाचे, व्यायाम व प्रार्थना करावयाची, न्याहारी घ्यावयाची आणि मग अभ्यासास बसावयाचे. आधी एकट्याने ग्रंथ वाचावयाचा, नंतर सोबत्याबरोबर. आणि परकी भाषा असेल तर तिचा निराळा तास. म्हणजे लोकांत जाऊन पहिला शब्द बोलण्यापूर्वी या शिक्षकाने विद्यार्थी होऊन बराच वेळ घालविलेला असतो. त्यानंतरचा दिवस लोकांच्या भेटीगाठींचा. रात्री घरी येऊन उद्याचे टिपण करावयाचे आणि साडेदहाच्या सुमारास दिवा मालवावयाचा.

हे काम कधीही एकट्याने करावयाचे नसते. येशूने आपल्या शिष्यांस दोघे-दोघे करून पाठविले, अशी बायबलात कथा आहे. तिला अनुसरून तरुणांच्या आणि तरुणींच्या वेगवेगळ्या जोड्या लावतात. सोबती निवडण्याचा अधिकार त्यांस नसतो आणि काही आठवड्यांनी जोडी बदलतेही. एकमेकांच्या नजरेआड होऊ नये, असा दंडक आहे. वरवर पाहता ही सोय सुरक्षिततेची. परंतु तिच्यात मोठी कसोटी आहे. ज्याची भाषा, खोड्या, घोरणे आपण निवडलेले नाही अशा मनुष्याबरोबर चोवीस तास राहून त्याच्याशी गोडीने वागणे, हे शेकडो लोकांपुढे प्रेमावर प्रवचन करण्याहून कठीण आहे.

बुधवार-गुरुवार या दिवसांचा मोठा भाग नकार ऐकण्यात जातो. कोणी दार लावून घेतो, कोणी घाईत असल्याचे सांगतो, कोणी ‘उद्या या’ म्हणून उद्या घरी नसतो. जेथे आदरातिथ्य होते तेथे निराळीच अडचण उभी राहते. या पंथात चहा, कॉफी, तंबाखू व मद्य वर्ज्य आहे. आपल्याकडे दारी आलेल्यास चहा विचारणे हा साधा शिष्टाचार. आणि पाहुण्याने तो नाकारला तर यजमानीण खट्टू होते. अशा वेळी आपला नियम न मोडता आणि समोरच्या माणसाचे मनही न दुखविता नकार कसा द्यावा, हे त्या एकोणीस वर्षांच्या मुलास शिकून घ्यावे लागते. दिवसभर नकार ऐकणाऱ्यास सौम्यपणे नकार देण्याचीही विद्या यावी लागते!

याशिवाय आठवड्यातील काही तास सेवेसाठी राखलेले असतात. शनिवारी बहुधा रविवारच्या उपासनेची तयारी चालते. रविवार हा सामुदायिक प्रार्थनेचा दिवस. महिन्यातून एकदा, बहुधा पहिल्या रविवारी, दोन वेळचे जेवण वर्ज्य करून त्या अन्नाइतकी रक्कम गरिबांसाठी द्यावयाची, अशी त्यांची रीत आहे. एकादशीचा उपवास व अन्नदान जाणणाऱ्या आपल्या वाचकांस ही रीत परकी वाटू नये. रविवार संपला की पुन्हा सोमवार आणि पुन्हा कपड्यांचे गाठोडे. असे सुमारे शंभर आठवडे गेले म्हणजे दोन वर्षे भरतात.

हा पंथ महाराष्ट्रास अगदी नवखा आहे असे मात्र नाही. ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन प्रचारक सप्टेंबर १८५२ मध्ये मुंबईस उतरला. हा स्कॉटलंडचा राहणारा. मुंबईतील इतर ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी आणि इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यास विरोध केला, तेव्हा त्याने पुण्याची वाट धरली. तेथील लष्करी छावणीत त्याने काम आरंभिले. परंतु अधिकाऱ्यांनी त्याच्या मार्गात अडथळे आणले. सुमारे वर्षभराच्या खटपटीनंतर पुण्यात जी मंडळी जमली, ती जेमतेम डझनभर होती. त्यांत मुख्य भरणा युरोपीय व अर्धयुरोपीय लोकांचा होता. दरम्यान एप्रिल १८५३ मध्ये याच पंथाचे आणखी प्रचारक अमेरिकेहून कलकत्त्यास आले. जवळ पैसा न बाळगता लोकांच्या आतिथ्यावर राहून उपदेश करावा, अशी त्यांची त्या काळची पद्धत होती. या देशातील ऊन, रोगराई, प्रचंड अंतरे आणि कंपनी सरकारच्या गोऱ्या समाजातील उच्चनीचपणा यांपुढे ती टिकली नाही.

फिंडलेने हिंदुस्थानातील मराठ्यांस उद्देशून एक पुस्तिका लिहिली. ती १८५५ साली मुंबईस छापली गेली. त्याच वर्षी तो स्वतः परत गेला, आणि १८५६ पर्यंत अमेरिकेहून आलेले प्रचारकही परतले. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पंथाने भारतात पुन्हा मूळ धरले व १९९३ साली बंगलोर येथे त्याचे स्वतंत्र मिशन स्थापन झाले. आज भारतीय तरुण-तरुणीही हे काम करतात.

फिंडलेस यश का आले नाही? तो आळशी नव्हता, भित्राही नव्हता. परंतु ज्यांच्यासाठी त्याने पुस्तिका लिहिली त्या समाजात मुरण्याइतका अवधीच त्यास लाभला नाही. त्याचे बहुतेक दिवस छावणीच्या इंग्रजी जगातच गेले. आमच्या मते खरी मेख येथे आहे. ज्यास कोणास काही शिकवावयाचे आहे, त्याने आधी त्या माणसाकडून शिकले पाहिजे. आणि शिकण्यास वेळ लागतो.

याचा पडताळा आपल्याच मुलखात मिळतो. मोहगाव, सौसर व पांढुर्णा हा आपला प्रदेश पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्या नागपुरास १८४५ साली स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी आला. तो मॉर्मन नव्हता. स्कॉटलंडच्या फ्री चर्चने त्यास धाडले होते. तो अठरा वर्षे या प्रांतात राहिला. तो मराठी शिकला, त्याने शाळा काढल्या आणि गावोगाव हिंडताना खडक, जीवाश्म व पुराणे अवशेष यांचा अभ्यास केला. छिंदवाड्याच्या डोंगराळ भागात ज्यांची मोठी वस्ती आहे, त्या गोंड लोकांचे शब्द, चालीरीती व लिंगोची गीतकथा त्याने टिपून घेतली. दि. ४ सप्टेंबर १८६३ रोजी नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पुराने भरलेल्या ओढ्यात बुडून त्याचा अंत झाला. सर रिचर्ड टेंपल यांनी त्याची टिपणे १८६६ साली प्रसिद्ध केली. त्याच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आजही चालू आहे. हिस्लॉपचा उपदेश आज फारच थोड्यांना ठाऊक असेल. परंतु त्याने जे ऐकून लिहून ठेवले, ते अभ्यासकांस अद्याप उपयोगी पडते. बोललेले वाऱ्यावर गेले, ऐकलेले मात्र राहिले.

आणि ही गोष्ट केवळ परदेशी माणसांचीच आहे काय? आपल्या वऱ्हाडातील गाडगेबाबांचे चरित्र पाहा. १९०५ साली त्यांनी घर सोडले आणि १९५६ साली देह ठेवीपर्यंत ते गावोगाव फिरत राहिले. गावात शिरताच ते प्रथम हाती झाडू घेत. रात्री त्याच जागी कीर्तन करीत. कीर्तनातही ते श्रोत्यांस प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. फिंडले आणि बाबा यांची मते दोन टोकांची; परंतु प्रचारकाचा अधिकार कोठून येतो, हे बाबांच्या झाडूने दाखवून दिले आहे.

येथे एक नाजूक प्रश्न उपस्थित होतो व तो टाळणे योग्य नव्हे. दुसऱ्याने आपल्या धर्माचा प्रचार आपल्या दारी येऊन करावा काय? आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने धर्म पाळण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रचार करण्याचे स्वातंत्र्य सर्वांस दिले आहे. मात्र ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादेत. आपल्या मध्य प्रदेशात या प्रश्नाचा खल फार पूर्वीपासून चालला आहे. न्यायमूर्ती नियोगी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५६ साली अहवाल दिला. १९६८ साली बळजबरी, प्रलोभन व फसवणूक यांनी होणाऱ्या धर्मांतरास बंदी करणारा कायदा झाला. प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. जुन्या कायद्याच्या जागी २०२१ साली नवा कायदा आला. या सर्वांच्या मुळाशी असलेला विचार मुलांनाही समजण्याजोगा आहे. माझे मत सांगण्यास मी मोकळा आहे. परंतु तुमचे मन तुमचे आहे. बोलणाऱ्याने लोभ वा भय दाखवू नये, आणि ऐकणाऱ्याने सभ्यता सोडू नये. न पटलेले मत हात जोडूनही नाकारता येते.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांस मिशनरी व्हावयाचे नाही. परंतु शिक्षणासाठी, नोकरीसाठी, व्यापारासाठी आज ना उद्या आपणास हे गाव सोडावे लागेल. परक्या गावी, परक्या भाषेत, न निवडलेल्या सोबत्याबरोबर राहावे लागेल. नकारही ऐकावे लागतील. त्या वेळी उपयोगी पडणारी शिदोरी आतापासून बांधता येते. आमची एक सूचना आहे. या सोमवारपासून पुढच्या रविवारपर्यंतचा आपला आठवडा वहीत प्रामाणिकपणे टिपावा. किती वाजता उठलो, स्वतःचे कोणते काम स्वतः केले, किती वेळ बोलण्यात गेला आणि किती वेळ दुसऱ्याचे ऐकण्यात गेला, हे चार रकाने पुरेत. आठवड्याच्या शेवटी चौथा रकाना रिकामा दिसला, तर दुसऱ्यास काही शिकविण्यापूर्वी आपणास बरेच शिकावयाचे आहे, एवढे तरी निश्चित कळेल. हे लिहिण्यापूर्वी आम्हीही आमचा आठवडा असाच टिपून पाहिला. आमचाही चौथा रकाना भरलेला नव्हता.