मूल बोलत नाही : किती थांबावे?

“बाप उशिरा बोलला, पोरगाही बोलेल” असे उत्तर आपल्या वस्त्यांतून सर्रास ऐकू येते. काही मुले उशिरा बोलतात व पुढे सुरळीत बोलतात, हे खरे. परंतु आपले मूल त्यांपैकीच आहे, हे घरबसल्या कोणालाच सांगता येत नाही. म्हणून थांबण्यास मर्यादा हवी, असे आम्हांस वाटते.

मूल ऐकूनच बोलायला शिकते. तेव्हा पहिली तपासणी कानांची. थाळी वाजवली की मूल वळते, एवढ्यावर समाधान मानू नये. मोठा आवाज ऐकू येणाऱ्या मुलालाही बोलण्यातील ‘स’, ‘श’ यांसारखे बारीक ध्वनी ऐकू येत नसतील. अगदी नवजात बालकाचे श्रवणही यंत्राने तपासता येते.

पालकांनी पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात :

१) एक वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यास वळत नाही, बडबडत नाही.
२) दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही.
३) दोन वर्षांपर्यंत “आई ये”, “पाणी दे” असे दोन शब्द जोडत नाही.
४) तीन वर्षांच्या मुलाचे बोलणे घरच्यांनाही नीट समजत नाही.
५) तोतरेपणा सहा महिन्यांहून अधिक टिकतो, किंवा बोलताना मूल झगडते.
६) येत असलेले शब्द बंद झाले. येथे एक दिवसही दवडू नये.

यांपैकी एक खूण दिसली तरी वाणी उपचारतज्ज्ञांकडे जावे. मुंबईत नायर रुग्णालय, तसेच १९८३ साली स्थापन झालेली वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था येथे ही सोय आहे. गावाकडील पालकांनी अंगणवाडीत विचारावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची तपासणी विनामूल्य होते व गरजेनुसार त्यांना जिल्हा केंद्राकडे पाठवले जाते.

उपचार म्हणजे केवळ औषध वा शस्त्रक्रिया नव्हे. तज्ज्ञ खेळातून बोलणे शिकवतात आणि आईवडिलांनाही शिकवतात. भाकरी थापताना, आंघोळ घालताना मुलाशी बोलावे. प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबावे. खुणेने मागितलेली वस्तू देताना तिचे नाव उच्चारावे. तोतऱ्या मुलाचे वाक्य आपण पुरे करू नये.

पहिली काही वर्षे भाषा शिकण्याची असतात. ती वाया गेली की मूल शाळेत मागच्या बाकावर बसते आणि ‘मठ्ठ’ ठरते. दोष बुद्धीचा नसून न तपासलेल्या कानाचा असू शकतो. तपासणीत काही न निघाल्यास फक्त एक खेप वाया जाईल. न तपासल्यास मुलाचे शिक्षणच अडेल. तेव्हा विद्यार्थी मित्रांनी या खुणा आपल्या शेजारी घरोघर सांगाव्यात, ही विनंती.