टक्केवारीचा रकाना शेवटी वाचा

सह्याद्रीतल्या ट्रेकवर मी मराठीत लिहितो. गडावर जायची वाट, पाण्याची टाकी, एसटीच्या वेळा आणि त्याच्याच पोटात कोणती सॅक घ्यावी, कोणती बॅटरी टिकते हेही. लेखातल्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली, तर विकणारी कंपनी मला ठरलेली दलाली देते. या अ‍ॅफिलिएट कमाईवर माझं घर चालत नाही. पेट्रोल, वेबसाइटचं भाडं आणि झिजलेल्या बुटांच्या जागी नवे, एवढा खर्च निघतो. तरीही कोथरूडमधल्या ओळखीपाळखीची मुलं येतात आणि हमखास एकच विचारतात, "दादा, सगळ्यात जास्त कमिशन कोण देतं?" त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो. क्रम महत्त्वाप्रमाणे लावलेला नाही.

१. आधी आपला वाचक कोण ते बघा

माझ्याकडे येणारे कोण? कर्वे रोडवरच्या कॉलेजांतली पोरं. हिंजवडीत पाच दिवस खुर्चीला चिकटून शनिवारी पहाटे राजगडाला निघणारे. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता करता महिन्यातून एकदा सिंहगड चढणारे. यांच्यासमोर मी वेब होस्टिंगची लिंक ठेवली तर काय होईल? समजा, चार हजारांच्या प्लॅनवर ४० टक्के दर आहे, म्हणजे एका विक्रीमागे सोळाशे रुपये. आठशे रुपयांच्या हेडटॉर्चवर सहा टक्के धरले तर अठ्ठेचाळीस. एका होस्टिंगची बरोबरी करायला तेहतीस-चौतीस टॉर्च विकाव्या लागतील. हिशेब चोख आहे, पण तोरण्याची वाट शोधत आलेल्या माणसाला होस्टिंग कशाला हवं? पावसाळा तोंडावर आला की टॉर्च खपतात, होस्टिंग बारा महिने खपत नाही. होस्टिंगमधून लाखो मिळाल्याचे स्क्रीनशॉट दाखवणाऱ्यांचा प्रेक्षक मुळातच वेबसाइट काढायला निघालेला असतो. दुरून डोंगर साजरे, हे ट्रेकवाल्याला तरी वेगळं सांगायला नको.

२. दुकान जवळ असेल तिथे लिंक हरते

पुणेकर वाचक माझा बुटांवरचा लेख मन लावून वाचतो, दोन शंका विचारतो आणि लक्ष्मी रोडवर जाऊन बूट पायात घालून बघतो. योग्यच करतो. मीही तेच करतो. सह्याद्रीत वर्षानुवर्षं 'अ‍ॅक्शन'चे ट्रेकिंग बूट घालणारे पुष्कळ आहेत, पण उतारावर अंगठा पुढे आपटतो का हे स्क्रीनवर कळत नाही. दोर आणि ताडपत्री घ्यायला लोक बोहरी आळीत जातात. तिथे भावही करता येतो, त्यामुळे त्या वस्तूंच्या लिंका टाकणं म्हणजे जागा अडवणं.

बूट आणि कपडे यांवरचा दर बहुतेक ठिकाणी मोबाइलपेक्षा पुष्कळ बरा असतो, त्यामुळे मोह होतो. पण माप चुकलं की वस्तू परत जाते आणि तिच्याबरोबर आपली दलालीही. म्हणून माझा भर मापाचा प्रश्न नसलेल्या वस्तूंवर आहे: हेडटॉर्च, पॉवर बँक, पाण्याचा फिल्टर, सॅकचं रेनकव्हर. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. माझ्या लिंकांवरून घेणारे पुष्कळसे पुण्याबाहेरचे आहेत, वाशीम, नांदेड, चंद्रपूर अशा ठिकाणचे. गावात ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान नसलेल्या माणसाला लिंक खरोखर उपयोगी पडते. हे कळल्यावर मी लेखात "अमुक पेठेत मिळेल" याबरोबर "घरपोच हवं असेल तर" अशी वेगळी ओळ लिहायला लागलो.

३. लिंक किती वेळ जिवंत राहते?

अ‍ॅमेझॉनने हा दलालीचा कार्यक्रम १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू केला. २०१३ मध्ये कंपनी भारतात दुकान घेऊन आली आणि इथल्या लिहिणाऱ्यांसाठीही तो खुला झाला. नावावर विश्वास असल्याने वाचक पटकन घेतो, हा त्याचा मोठा गुण. पण लिंक दाबल्यापासून २४ तासांत खरेदी झाली तरच ती आपल्या खात्यात धरली जाते. त्या वेळात वस्तू कार्टमध्ये टाकली असेल तर मुदत लांबते, एवढीच सवलत. आता ट्रेकवाला सॅक कशी घेतो बघा. आज लेख वाचतो, रात्री मित्राला पाठवतो, पगाराची वाट पाहतो आणि दहा दिवसांनी परस्पर मागवतो. अशा महागड्या, विचार करून घ्यायच्या वस्तूंसाठी तीस दिवसांची मुदत देणारा छोटा कार्यक्रम कमी दरातही परवडतो. दोन-चारशे रुपयांच्या वस्तूला २४ तास पुरतात.

दुसरी खोच शेवटच्या क्लिकची. बहुतेक ठिकाणी खरेदीच्या आधी ज्याची लिंक शेवटची दाबली गेली त्यालाच सगळे पैसे मिळतात. आपण दोन हजार शब्द लिहून माणसाला पटवायचं आणि पैसे भरण्याच्या पानावर त्याने कूपन शोधलं की दलाली कूपनवाल्याची! २०२० मध्ये पेपालने सुमारे चार अब्ज डॉलरना घेतलेल्या 'हनी' या ब्राउझरमधल्या कूपन-सोयीवर डिसेंबर २०२४ मध्ये एका यूट्यूबरने असाच आरोप केला. ती सोय शेवटच्या क्षणी दुसऱ्याची लिंक पुसून स्वतःची बसवते, असं त्याचं म्हणणं होतं. त्यानंतर अमेरिकेत लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांनी खटले भरले. आपल्याकडेही कूपन आणि कॅशबॅकवाले भरपूर आहेत. कार्यक्रमात शिरण्याआधी त्यांच्याबाबत नियम काय आहे, हे ईमेल करून विचारता येतं. उत्तर येतं की नाही, यावरूनही बरंच कळतं.

४. हातात कधी पडतात?

वस्तू परत करायची मुदत संपेपर्यंत रक्कम 'प्रलंबित' दिसते, मग आणखी थांबावं लागतं. महिना संपल्यावर दोन महिन्यांनी पैसे येणं या धंद्यात सर्रास चालतं. किमान रक्कम जमल्याशिवाय काही जण पाठवतच नाहीत. टीडीएस कापला जातो. दलालीवरचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून पाचवरून दोन टक्क्यांवर आला, पण पॅन दिला नसेल तर थेट वीस टक्के जातात. कर लागत नसेल तर कापलेले पैसे विवरणपत्र भरून परत मिळतात, फक्त २६एएसमध्ये नोंद दिसते का ते बघायचं. अ‍ॅमेझॉनच्या कार्यक्रमात पहिल्या १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं, आणि स्वतःच्या लिंकवरून स्वतःच घेतलेलं धरत नाहीत. घरातल्या मंडळींना कामाला लावायचा बेत असेल तर इथेच सोडा.

५. जो आधी पैसे मागतो त्याला नमस्कार

खरा अ‍ॅफिलिएट कार्यक्रम नाव नोंदवायला दमडी घेत नाही. हे एवढं लक्षात ठेवलं तर निम्मी फसवणूक टळते. तरी पुण्यात वर्षाकाठी कितीतरी सुशिक्षित माणसं 'टास्क'च्या जाळ्यात अडकल्याच्या बातम्या येतात. टेलिग्रामवर निरोप येतो, व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला पाच तारे द्या. सुरुवातीला खात्यात शे-दोनशे रुपये खरंच जमा होतात. मग मोठ्या कामासाठी 'प्रीपेड' रक्कम भरायला सांगतात आणि पडद्यावर नफा वाढत राहतो, काढता मात्र येत नाही. त्यालाही हल्ली अ‍ॅफिलिएट काम म्हणतात. असं कुणाचं झालं असेल तर लाजत बसू नये, ताबडतोब १९३० वर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी थांबवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

दुसरा प्रकार जास्त गुळगुळीत. काही हजारांचा कोर्स घ्यायचा. कोर्समध्ये शिकवतात काय, तर हाच कोर्स दुसऱ्यांना कसा विकायचा. मी अशा सभांना जाऊन मागच्या रांगेत बसलो आहे. टाळ्या भरपूर पडतात, पण वस्तूबद्दल कोणी एक प्रश्न विचारत नाही. मी साधी कसोटी लावतो: नवे सभासद यायचे उद्या थांबले, तर कोणी हा माल घेईल का? माणसं जोडण्यावर पैसे देणाऱ्या योजनांवर आपल्याकडे १९७८ पासून बंदीचा कायदा आहे आणि थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनीही पिरॅमिड योजना साफ नाकारल्या आहेत.

६. माणशी दलाली

यावर मी सगळ्यांत जास्त विचार केला आहे. पावसाळी ट्रेकच्या बॅच नेणारे आयोजक मला दरवर्षी विचारतात: लेखाखाली आमची नोंदणीची लिंक टाका, येणाऱ्या प्रत्येकामागे इतके देऊ. माझ्या वाचकाला हेच हवं असतं, विक्री नक्की, माल परत येण्याचा प्रश्न नाही. पहिल्या चार मुद्द्यांच्या हिशेबाने याहून चांगला कार्यक्रम शोधून सापडणार नाही. तरी मी घेत नाही.

जुलै २०२३ मध्ये लोहगडावर रविवारची गर्दी अशी दाटली की माणसं तासन् तास जागची हलू शकली नाहीत. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने पावसाळी ठिकाणांवर निर्बंध घातले. अशा वेळी माणशी दलाली घेणाऱ्या लिहिणाऱ्याने "या आठवड्यात जाऊ नका" हे वाक्य कधी लिहायचं? ते लिहिलं की त्या आठवड्याचे पैसे गेले. मला ते वाक्य जून ते सप्टेंबर सारखं लिहावं लागतं. म्हणून आयोजकांची नावं देतो ती बिनपैशांची. दहा जणांमागे वाटाड्या किती, प्रथमोपचार कोणाला येतो, राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे नोंदणी केली आहे का, एवढं विचारतो. दोघांना हे प्रश्न आवडले नाहीत.

७. विमा, डीमॅट, कर्जाची अ‍ॅप

इथे एका खात्यामागे शेकडो रुपये मिळतात, म्हणून सगळे धावतात. विमा विकायचा तर रीतसर मार्ग आहे: पीओएसपी म्हणून पंधरा तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा. शेअरच्या सल्ल्याबाबत सेबीने ऑगस्ट २०२४ मध्ये नियम कडक केले, नोंदणी नसलेल्या सल्लागारांशी शेअर दलालांनी संबंध ठेवायचा नाही. झटपट कर्जाच्या अ‍ॅपची लिंक मी शत्रूलाही पाठवणार नाही. पुढे!

८. वर लिहा, खाली नको

'या लिंकवरून घेतल्यास मला दलाली मिळते' हे मी लेखाच्या सुरुवातीलाच लिहितो. जाहिरात क्षेत्रातल्या एएससीआय या संस्थेने २०२१ मध्ये आणि ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये याची मार्गदर्शक सूत्रं काढली आहेत. दिशाभूल केल्यास ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं. मला दंडापेक्षा वाचकांची जास्त भीती. त्यातले निम्मे सिंहगडाच्या वाटेवर भेटतात आणि "ती टॉर्च दोन महिन्यांत गेली हो" हे भर पायवाटेवर मोठ्याने सांगतात. तक्रार खरी निघाली तर ती लिंक त्याच रात्री काढतो. हे करू देणारा, म्हणजे वस्तूतलं न्यून लिहायला आडकाठी न करणारा कार्यक्रमच घ्यावा. काही छोट्या ब्रँडच्या करारात "फक्त सकारात्मक" असं कलम असतं, ते बारीक अक्षरांत शोधा.

९. दर त्यांचा, मर्जी त्यांची

एप्रिल २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत फर्निचर आणि घरसामानावरची दलाली आठ टक्क्यांवरून तीनवर आणली. तेवढ्या एका विषयावर वेबसाइट उभी केलेल्यांचं उत्पन्न निम्म्याहून खाली आलं, आणि करारात तशी मुभा असल्याने दाद मागायची सोय नव्हती. म्हणून माझ्याकडे एक मोठं दुकान, एक भारतीय नेटवर्क आणि सॅक बनवणाऱ्या एका छोट्या उत्पादकाशी थेट बोलणी, असे तीन धागे आहेत. याहून जास्त सांभाळता येत नाहीत, कारण दर मेअखेर जुन्या लेखांतल्या लिंका एकेक उघडून बघाव्या लागतात. वस्तू बंद झालेली असते किंवा तीच लिंक भलत्याच चिनी बॅटरीकडे नेत असते. यंदा पाण्याच्या फिल्टरच्या सगळ्या लिंका गेल्या. दुसरा वापरून बघेपर्यंत तिथे "टाक्यातलं पाणी उकळून घ्या" एवढंच लिहून ठेवलं आहे.