कमी खर्चात पुण्याची सहल

(घरातल्या सर्वांनी मिळून एक दिवस बाहेर जावे असे प्रत्येकाला वाटते, पण पैसे, वेळ आणि अंतर यांचा मेळ घालावा लागतो. तो कसा घालावा, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, सहल कोणाला आवडत नाही? शाळेची सहल गुरुजी आणि बाई ठरवतात. घरच्या सहलीचा बेत मात्र आपणच आखू शकतो. त्यासाठी खूप पैसे लागत नाहीत. एक कागद, एक पेन्सिल आणि थोडा विचार एवढे पुरते.

समजा, तुमचे घर पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात, कोळवण या गावी आहे. घरात अब्बा, अम्मी, दादी, आपा आणि तुम्ही अशी पाच माणसे आहेत. तुम्हांला पुण्याचा बाजार आणि तेथील प्रेक्षणीय स्थळे पाहायची आहेत. जवळ १,५०० रुपये आहेत. एवढ्यात सहल होईल का? चला, पाहू या.

पहिला प्रश्न : कधी जावे?

मुळशी तालुका भाताचा. येथील आंबेमोहर तांदूळ प्रसिद्ध आहे. भाताची कापणी आणि मळणी चालू असताना घरातल्या मोठ्यांना सवड नसते. म्हणून ती कामे आटोपल्यावरचा दिवस निवडावा. तेव्हा पाऊसही नसतो आणि ऊनही कडक नसते. दिवाळीच्या आणि ईदच्या आधी बाजारात फार गर्दी असते. गणपती विसर्जनाच्या दिवशी तर मिरवणूक मंडईपासून निघते आणि लक्ष्मी रस्त्याने जाते. त्यामुळे तिकडचे रस्ते वाहनांना बंद असतात. असे दिवस टाळावेत. दुकानांचा सुट्टीचा वारही आधी विचारून घ्यावा.

दुसरा प्रश्न : जावे कसे?

कोळवणहून पौड, पिरंगुट, भूगाव आणि चांदणी चौक या मार्गाने पुण्यात जातात. एस.टी.ने गेलात, तर सवलती लक्षात ठेवा. मार्च २०२३ पासून राज्यात एस.टी.च्या प्रवासात महिलांना निम्मे तिकीट पडते. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धे तिकीट असते. पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना तिकीटच नसते. त्यासाठी वयाचा पुरावा दाखवावा लागतो. म्हणून दादीचे ओळखपत्र सोबत घ्या. पी.एम.पी.च्या बसचे नियम वेगळे आहेत. गाडी एस.टी.ची आहे की पी.एम.पी.ची, हे पाहूनच हिशेब करा.

पौड रस्त्यावर कोथरूडमध्ये वनाज हे मेट्रोचे स्थानक आहे. येथून मेट्रोत बसून जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरावे आणि तेथे स्वारगेटकडे जाणारी गाडी धरावी. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. त्याचा बोगदा मुठा नदीच्या खालून जातो. आधी पुलावरून आणि मग नदीच्या पोटातून धावणारी ही गाडी म्हणजे मुलांसाठी सहलीतली अर्धी गंमतच आहे, आणि तिचे वेगळे पैसे पडत नाहीत!

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका. जाण्याच्या गाडीआधी परतीची गाडी ठरवा. शेवटची गाडी किती वाजता आणि कोठून सुटते, हे आदल्या दिवशीच विचारून कागदावर लिहा. संध्याकाळी मधल्या थांब्यावर गाडी भरून येते. मग दादीला तासभर उभे राहून यावे लागते. शक्य असेल, तर गाडी जेथून सुटते तेथूनच बसा. शेवटच्या गाडीची वाट पाहू नका. तिच्या आधीची गाडी आपली समजा. शेवटची गाडी चुकली, तर रिक्षाला जेवढे पैसे द्यावे लागतील तेवढ्यात आणखी एक सहल झाली असती.

तिसरा प्रश्न : पाहावे काय?

पुण्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पण एका दिवसात सगळे पाहू म्हटले, तर काहीच नीट पाहून होत नाही. कॅम्पातला महात्मा गांधी रस्ता आणि फॅशन स्ट्रीट एका बाजूला. शनिवारवाडा, तुळशीबाग आणि मंडई दुसऱ्या बाजूला. एका वेळी एकच बाजू निवडा. या वेळी आपण शनिवारवाड्याची बाजू घेऊ. कारण ही ठिकाणे एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत.

मेट्रोच्या कसबा पेठ स्थानकावर उतरून प्रथम शनिवारवाडा पाहा. सकाळी तेथे ऊन कमी असते. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी १७३० मध्ये या वाड्याची पायाभरणी केली. १८२८ मध्ये लागलेल्या आगीत आतील इमारती जळाल्या. आज भक्कम तट, दरवाजे आणि जोती उरली आहेत. दिल्ली दरवाजावरचे लोखंडी खिळे पाहा. शत्रूच्या हत्तींनी धडक देऊन दार फोडू नये, म्हणून ते बसवले आहेत. मोठ्यांना प्रवेशाचे तिकीट आहे. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही.

तेथून अप्पा बळवंत चौकात या. हा पुस्तकांचा बाजार आहे. शाळेची पुस्तके, वह्या, नकाशे असे सारे येथे मिळते. पुढच्या वर्षी लागणाऱ्या एखाद्या पुस्तकाची चौकशी येथे करता येईल. जवळच बुधवार पेठेत भिडेवाड्याची जागा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये तेथे मुलींची शाळा सुरू केली. जुना वाडा २०२३ मध्ये पाडण्यात आला आणि त्या जागी स्मारक करायचे ठरले. आपाला ही जागा जरूर दाखवा. मुलींनी शाळेत जाणे ज्या काळी लोकांना खपत नव्हते, त्या काळी येथे वर्ग भरत होता.

त्यानंतर तुळशीबाग. सुभेदार नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनी पेशव्यांच्या काळात येथे राम मंदिर बांधले. मंदिराच्या आजूबाजूला बाजार वाढत गेला. तवे, झारे, किसण्या, चाळण्या, बांगड्या, पिना, रिबिनी, लहान मुलींची भातुकली... काय नाही तेथे! नुसते पाहत फिरायला पैसे लागत नाहीत.

अगदी जवळ महात्मा फुले मंडई आहे. मधोमध अष्टकोनी मनोरा असलेली ही दगडी इमारत १८८६ मध्ये सुरू झाली. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने तिला रे मार्केट म्हणत. गंमत अशी, की जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी या इमारतीच्या मोठ्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे याच मंडईला त्यांचे नाव देण्यात आले! पैसा कशावर खर्च होतो आणि तो कोणाच्या उपयोगी पडतो, हा जोतीरावांचा प्रश्न होता. तो नगरपालिकेलाच नव्हे, तर आपल्या घरालाही लागू आहे.

चौथा प्रश्न : पैसे कसे वाटावेत?

खाली दिलेले आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. तुमच्या वेळचे भाडे आणि तिकीट विचारून तुम्ही तुमचे आकडे लिहा.

प्रवास (जाणे-येणे) : ६०० रुपये
खाणे : २५० रुपये
प्रवेश तिकिटे : १०० रुपये
खरेदी : ३५० रुपये
राखीव : २०० रुपये
एकूण : १,५०० रुपये

प्रवासाच्या पैशांतून परतीचे ३०० रुपये घरून निघतानाच वेगळ्या बटव्यात ठेवा. त्या बटव्याला वाटेत कोणीही हात लावायचा नाही. राखीव रक्कम म्हणजे अडचणीचा पैसा. चप्पल तुटली, डोके दुखले, अचानक रिक्षा करावी लागली, तर तो कामी येतो. काही अडचण आली नाही, तर तो परत घरी येतो. उरला म्हणून तो खाऊवर उडवू नये.

जेवण घरून न्या. चपात्या, बटाट्याची भाजी, उकडलेली अंडी आणि पाण्याच्या बाटल्या घेतल्या, की दुपारचा मोठा खर्च वाचतो. मंडईहून मेट्रोने पुढच्याच स्वारगेट स्थानकावर उतरले, की सारसबाग जवळ आहे. बागेबाहेर एखादी सावलीची जागा पाहून जेवण उरका आणि मग बागेत विसावा घ्या. दादीच्या गुडघ्यांनाही आराम मिळेल. दुपारची नमाज कोठे अदा करायची, हेही आधी ठरवून ठेवा. २५० रुपये मात्र बाहेरच्या खाण्यासाठीच आहेत. आइस्क्रीम घातलेले मस्तानी नावाचे थंड दूध ही पुण्याची खासियत आहे. एक पेला दोघांत घेतला, तरी तिची गोडी कमी होत नाही.

पाचवा प्रश्न : खरेदी कोणासाठी?

घरून निघण्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, ‘तुम्हांला काय हवे?’ उत्तर कागदावर लिहा. आपाला बांगड्या हव्या असतील. दादीला नरम चप्पल हवी असेल. तुम्हांला कंपासपेटी हवी असेल. अम्मी म्हणेल, ‘मला काही नको.’ अब्बा म्हणतील, ‘माझे काय आहे!’

मुलांनो, ही दोन उत्तरे मान्य करू नका. ‘मला काही नको’ असे म्हणणाऱ्याच्या वाट्याचे पैसे बाकीचे खर्च करत असतात. एकाने मन मारले म्हणून स्वस्त झालेली सहल खरे तर स्वस्त नसते. अम्मीला पुन्हा विचारा. कदाचित कळेल, की घरातली किसणी कधीची बोथट झाली आहे, किंवा तिला एक तास कोठेतरी नुसते शांत बसायचे आहे. बागेतला तो तास तिच्या नावाने कागदावर लिहा. त्याला एक पैसाही पडत नाही, पण तो लिहिल्याशिवाय मिळत नाही.

दुकानात भाव विचारा. दोन-तीन दुकानांत विचारल्यावर खरी किंमत कळते. जेथे ‘एकच भाव’ अशी पाटी असेल, तेथे घासाघीस करू नका. जेथे घासाघीस चालते, तेथेही गोड बोला. दुकानदारालाही घरी पाच माणसे आहेत. आणि काही न घेता दुकानातून बाहेर पडावे लागले, तर मुळीच लाजू नका. मोठ्या शहरांतल्या झगमगत्या मॉलमध्ये शिरायलाही पैसे पडत नाहीत. पण तेथे गेल्यावर गरज नसलेली वस्तूही गरजेची वाटू लागते. म्हणून खिशात पैशांबरोबर घरून लिहून आणलेला कागदही हवा.

घरी परतल्यावर रात्री हिशेब लिहा. तुमच्या एक गोष्ट लक्षात येईल. खर्च, जमा, बाकी, रक्कम, किंमत, हिशेब, बाजार, दुकान हे मराठी शब्द तुम्ही उर्दूतही वापरता. अरबी आणि फारसीतून ते मराठीत आले आणि येथलेच झाले. हिशेबाची मराठी तुम्हांला अर्धी आधीच येते!

काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. कंजूष माणूस खर्चच करत नाही. काटकसरी माणूस विचार करून खर्च करतो आणि त्यात सर्वांचा वाटा ठेवतो. तुमच्या कागदावर घरातल्या प्रत्येकाचे नाव आहे ना? असेल, तर तुमचा बेत पक्का झाला. आता गाडीची वेळ विचारून या!

शब्दार्थ

बेत – मनसूबा
सवड – फ़ुरसत
मळणी – धान से दाने अलग करना
सवलत – रिआयत
ओळखपत्र – शनाख़्ती कार्ड
भुयारी मार्ग – ज़मींदोज़ रास्ता
पायाभरणी – संग-ए-बुनियाद रखना
जोते – इमारत की कुर्सी, चबूतरा
स्मारक – यादगार
भातुकली – बच्चों के खेलने के छोटे बर्तन
राखीव – महफ़ूज़ रखा हुआ
बोथट – कुंद
घासाघीस – मोल-तोल
काटकसर – किफ़ायतशारी

वाक्प्रचार

मेळ घालणे – जुळवून आणणे
मन मारणे – इच्छा दाबून ठेवणे
कामी येणे – उपयोगी पडणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुळशी तालुक्यातील कोणता तांदूळ प्रसिद्ध आहे?
(आ) दिल्ली दरवाजावर खिळे का बसवले आहेत?
(इ) महात्मा फुले मंडईचे पहिले नाव काय होते?
(ई) परतीचे पैसे कोठे ठेवावेत?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) परतीची गाडी आधी का ठरवावी?
(आ) जोतीराव फुले यांनी मंडईच्या खर्चाला विरोध का केला?
(इ) ‘मला काही नको’ हे उत्तर मान्य करू नये, असे लेखात का म्हटले आहे?

प्र. ३. रिकाम्या जागा भरा.
(अ) शनिवारवाड्याची पायाभरणी ........ मध्ये झाली.
(आ) अप्पा बळवंत चौक हा ........ बाजार आहे.
(इ) काटकसर म्हणजे ........ नव्हे.

प्र. ४. पुढील शब्द वाक्यांत वापरा.
सवलत, राखीव, हिशेब, बेत

प्र. ५. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे आणखी दहा शब्द शोधून लिहा.

उपक्रम : तुमच्या गावाहून जवळच्या शहरात एक दिवस जाण्याचा बेत आखा. घरातल्या प्रत्येकाची एक इच्छा लिहा आणि खर्चाचा तक्ता तयार करून वर्गात वाचून दाखवा.