विसरणे : कधी स्वभाव, कधी आजार

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे इतकी मुरली आहे की, घरातले म्हातारे माणूस विसरू लागले तर त्याला डॉक्टरकडे न्यावे असे सहसा कोणाला वाटत नाही. वाचकहो, चिखलीच्या आठवडी बाजारात पिशवी विसरून येणे निराळे आणि बाजारातून घरचा रस्ता न सापडणे निराळे. पहिल्याची मी काळजी करीत नाही.

अमेरिकेत १९५३ साली हेन्री मोलायसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूचा दोन्ही बाजूंचा आतला थोडा भाग फिट्सवरील उपाय म्हणून काढण्यात आला. फिट्स कमी झाल्या. पण २००८ साली मरेपर्यंत नवीन माणूस, नवीन प्रसंग त्याच्या लक्षात राहिला नाही. लहानपण मात्र आठवे. आपल्या घरचे आजोबाही १९७२ चा दुष्काळ बारकाव्यानिशी सांगतात आणि सकाळी जेवलो की नाही हे विसरतात. 'जुने सगळे आठवते, म्हणजे डोके शाबूत आहे' असे समजू नका. अल्झायमर बहुधा असाच सुरू होतो. १९७४ चा रेल्वे संप उभा करणारे जॉर्ज फर्नांडिस यांनाही अखेरच्या वर्षांत, २०१९ साली निधन होईपर्यंत, याच आजाराने घेरले होते. तो पूर्ण बरा करणारे औषध नाही.

पण प्रत्येक विस्मरण अल्झायमर नव्हे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड मंदावणे, मनाची उदासी, झोपेच्या गोळ्या यांनीही स्मरण ढासळते आणि वेळीच उपचार केल्यास बहुधा सुधारते. शुद्ध शाकाहारी मंडळींनी आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी ब-१२ तपासून घ्यावे. दारूड्याचे दुखणे वेगळे. ब-१ कमी पडून त्याची स्मृती कायमची जाऊ शकते, आणि न घडलेले प्रसंग तो खरे मानून सांगतो. घरचे त्याला खोटारडा म्हणतात, बिचारा खोटे बोलत नसतो.

म्हातारे माणूस न्हाणीत घसरते, किरकोळ लागले म्हणून सगळे विसरतात. काही आठवड्यांनी ते गोंधळू लागते, पेंगुळते. कवटीखाली रक्त साकळत गेलेले असते, सी. टी. स्कॅनमध्ये ते दिसते आणि शस्त्रक्रियेने काढता येते. म्हणून मी आधी विचारतो, "मागच्या दोन-तीन महिन्यांत कुठे पडले होते का?"

विस्मरण एकाएकी सुरू झाले, सोबत तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर रात्र असली तरी तडक रुग्णालय गाठावे.