भाताचा गोळा का सुटत नाही?

जपानात प्रवासात वा डब्यात नेण्यासाठी भाताचा मुठीएवढा, बहुधा तिकोनी गोळा करतात. त्याला ओनिगिरी म्हणतात. त्यात पीठ नसते, डिंक तर नसतोच. मग शिते एकमेकांना धरून कशी राहतात?

तांदळातील स्टार्चचे रेणू दोन प्रकारचे असतात. अमायलोजची साखळी जवळजवळ सरळ, तर अमायलोपेक्टिनची झाडासारखी फांद्याफांद्यांची. अमायलोज जास्त असलेल्या बासमतीचा भात मोकळा होतो. जपानी आखूड दाण्यात ते कमी असते, म्हणून भात चिकटतो. आपल्या इंद्रायणी तांदळावर हा प्रयोग जमतो.

भात हाताला सोसेल इतपत निवू द्या. स्वच्छ हात ओले करून त्यांवर मीठ चोळा आणि गोळा हलकेच दाबा. पाण्याच्या थरामुळे शिते तळव्याला चिकटत नाहीत. फार दाबलेत तर लगदा होईल! जपानी लोक गोळ्यात उमेबोशी हे खारवलेले आंबट फळ घालतात आणि बाहेरून नोरी या समुद्रशैवालाचा वाळवलेला पापुद्रा गुंडाळतात.

फ्रिजमध्ये ठेवलेला गोळा कडक होतो, कारण थंडीत स्टार्चचे रेणू पुन्हा जवळ येऊन रांगा धरतात. वाफ दिली की तो मऊ होतो. मात्र उबेत तासन्‌तास राहिलेला गोळा खाऊ नये. बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही तग धरतात व उबेत वाढू लागतात. त्यांचे उलट्या घडवणारे विष भात पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. हाताला जखम असेल, तर गोळे दुसऱ्याला वळू द्यावेत.