लिस्बनच्या किनाऱ्यावर

युरोपच्या नकाशात पश्चिमेच्या अगदी टोकाशी पोर्तुगाल नावाचा एक चिंचोळा देश दिसतो. लिस्बन ही त्याची राजधानी. तेजो नदी अटलांटिक महासागराला मिळते, तेथे तिच्या उत्तर तीरावरील टेकड्यांवर हे नगर वसले आहे. येथून निघालेल्या गलबतांनी आपल्या पश्चिम किनाऱ्याचा इतिहास बदलून टाकला. वर्गात इतिहास शिकवताना या नगराचे नाव मी शेकडो वेळा उच्चारले होते. परंतु ते पाहण्याचा योग सेवानिवृत्तीनंतरच आला.

पहिल्याच सकाळी एक गंमत झाली. मला पोर्तुगीज भाषेचा गंधही नव्हता. न्याहारीसाठी एका दुकानात शिरलो आणि फळीवरच्या ताज्या भाजणीकडे बोट दाखवले. दुकानातील बाई हसून म्हणाल्या, "पांव?" मी चकितच झालो. पुढे मंडईत गेलो, तर तेथे बटाट्याला 'बटाटा'च म्हणत होते. पाव, बटाटा, काजू, चावी हे आपल्या घरातले शब्द पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आले आणि इतके आपले झाले, की त्यांचे परकेपण आज कोणाला जाणवतही नाही.

लिस्बनचे रस्ते पायी हिंडण्यासारखे आहेत. पायाखाली काळ्यापांढऱ्या दगडांची नक्षी असते. कोठे तिच्यात समुद्राच्या लाटाही उमटवलेल्या दिसतात. घरांच्या भिंतींवर निळ्यापांढऱ्या रंगीत फरशा बसवलेल्या आहेत. आल्फामा या जुन्या वस्तीत गल्ल्या इतक्या अरुंद आहेत, की पिवळी ट्रामगाडी आली म्हणजे वाटसरूला भिंतीला अंग चिकटवून उभे राहावे लागते.

टेकड्या उतरून नदीकाठी आले म्हणजे एक विस्तीर्ण चौक लागतो. त्याचे नाव 'व्यापारचौक'. परंतु जुनी माणसे त्याला अजूनही 'राजवाड्याचे अंगण' म्हणतात. राजवाडा मात्र तेथे नाही! १ नोव्हेंबर १७५५ या दिवशी सकाळी लिस्बनला भूकंपाचा भयंकर धक्का बसला. तो सणाचा दिवस होता. चर्चमध्ये लोकांची दाटी झाली होती आणि मेणबत्त्या तेवत होत्या. इमारती कोसळल्या. घाबरलेले लोक मोकळी जागा म्हणून नदीकाठाकडे धावले, तो काही वेळाने समुद्राच्या प्रचंड लाटा नदीतून आत घुसल्या. त्यातून जे वाचले, ते आगीने गिळले. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. राजवाडा गेला, ग्रंथालय गेले आणि हिंदुस्थानच्या व्यापाराचा कारभार पाहणारी मोठी कचेरीही गेली.

या संकटात एक गोष्ट मोलाची घडली. पोंबाल या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या मंत्र्याने शोक करीत बसण्याऐवजी गावोगावच्या धर्मोपदेशकांकडे प्रश्न पाठवले: धरणी किती वेळ हादरली? धक्के किती बसले? समुद्राचे पाणी आधी चढले की ओसरले? माणसे किती दगावली? ती उत्तरे आजही जपून ठेवलेली आहेत. भूकंपाचा शास्त्रीय अभ्यास सुरू होण्यास या प्रश्नांचा मोठा हातभार लागला, असे मानतात. नव्या घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडे बसवण्यात आले, म्हणजे धक्का बसला तरी घर सहज ढासळू नये. आज त्या चौकामागचे सरळ, रुंद रस्ते पाहताना विचारी मनुष्य ढिगाऱ्यातूनही काय उभे करू शकतो, याची साक्ष पटते.

दुसऱ्या दिवशी मी नदीकाठाने पश्चिमेला बेलें या भागात गेलो. ८ जुलै १४९७ रोजी व्हास्को द गामाची गलबते येथूनच निघाली आणि मे १४९८ मध्ये कालिकतला पोहोचली. या यशाची खूण म्हणून राजा मानुएल याने येथे एक भव्य मठ बांधवला. मिरी-मसाल्याच्या व्यापारावरील कराचा पैसा त्याच्या बांधकामी लागला. पांढऱ्या दगडांत कोरलेले दोरखंड आणि सागरातील नाना आकृती पाहताना दृष्टी खिळून राहते. चर्चमध्ये शिरताच गामाची समाधी दिसते. तो १५२४ मध्ये कोची येथे वारला. प्रथम त्याला तेथेच पुरले होते. नंतर त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेण्यात आल्या. मी त्या समाधीपुढे काही वेळ उभा राहिलो. अज्ञात सागर ओलांडण्याचे त्याचे धैर्य मोठे होते, हे खरे; परंतु दुसऱ्या सफरीत याच मनुष्याने यात्रेकरूंनी भरलेले एक जहाज जाळले, हेही तितकेच खरे आहे.

मठासमोर नदीच्या काठावर गलबताच्या आकाराचे एक उत्तुंग स्मारक आहे. ते १९६० साली बांधले. त्याच्या पायथ्याशी जमिनीवर संगमरवरात जगाचा नकाशा कोरला असून पोर्तुगीज गलबते कोठे केव्हा पोहोचली, त्यांची सालेही तेथे दिली आहेत. एका शाळेची मुले तो नकाशा पाहत होती. मी भारताचा आहे असे कळताच एका मुलाने शिक्षिकेच्या मार्फत मला विचारले, "आजोबा, आमच्या जहाजांनी तुमचा देश शोधून काढला ना?"

मी छत्रीचे टोक कोकणच्या किनाऱ्यावर टेकवले आणि म्हणालो, "बाळ, आमचा देश हरवलाच नव्हता. आम्ही तेथेच होतो; नांगरत होतो, विणत होतो, व्यापार करीत होतो. तुमच्या जहाजांना आमच्या दाराची वाट सापडली, एवढेच."

शिक्षिकेने हे सांगताच मुलगा क्षणभर विचारात पडला. मग त्याने मान डोलावली.

हे स्मारक उभे राहिले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. स्वतः पोर्तुगीज जनताही त्या काळी हुकूमशाहीखाली दबलेली होती. २५ एप्रिल १९७४ रोजी ती हुकूमशाही कोसळली. स्मारकाजवळून नदीवरचा एक लांबलचक तांबडा पूल दिसतो. १९६६ साली त्याला हुकूमशहा सालाझारचे नाव दिले होते; आज तो '२५ एप्रिल पूल' म्हणून ओळखला जातो.

सायंकाळी मी बेलेंचा बुरूज पाहिला. पाण्याच्या कडेला उभ्या असलेल्या या सोळाव्या शतकातील बुरुजाच्या एका टेहळणीच्या सज्जाखाली दगडात एका प्राण्याचे डोके कोरलेले आहे. वाऱ्यापावसाने ते झिजले आहे. तरी तो गेंडा आहे, हे ओळखू येते. त्याची हकिकत मोठी करुण आहे. गुजरातच्या सुलतानाने आल्बुकर्क या पोर्तुगीज गव्हर्नराला हा गेंडा भेट दिला. जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून त्याला जहाजात चढवले आणि मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. रोमन साम्राज्यानंतर युरोपात जिवंत गेंडा कोणी पाहिला नव्हता. लोक त्याला 'गांदा' म्हणू लागले. आपल्या 'गेंडा' शब्दाचेच ते रूप. ड्यूरर नावाच्या जर्मन चित्रकाराने तर त्याला न पाहताच त्याचे चित्र काढले. पुढे राजाने त्याला पोपकडे नजराणा म्हणून पाठवले. परंतु १५१६ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडाले आणि साखळदंडाने बांधलेला तो मुका जीव समुद्राच्या तळाशी गेला.

मावळतीचे सोनेरी ऊन त्या झिजलेल्या दगडावर पडले होते. स्मारकावरचे वीर दुरूनही सहज दिसतात. हा गेंडा मात्र जवळ जाऊन, मान वर करून शोधावा लागतो. मुलांनो, कोणतेही नगर पाहावयास गेलात, तर उंच पुतळे अवश्य पाहा. परंतु असा एखादा कोपऱ्यातला दगड शोधावयास विसरू नका. नगराची अर्धी कथा त्याच्याजवळ असते.

अभ्यास

१. लेखकाला लिस्बन पाहण्याची इच्छा का होती?
२. 'राजवाड्याचे अंगण' या नावात कोणता इतिहास दडला आहे?
३. पोंबालने विचारलेल्या प्रश्नांचा कोणता उपयोग झाला?
४. "आमचा देश हरवलाच नव्हता," असे लेखक का म्हणाला? तुमच्या शब्दांत सांगा.
५. वाक्यांत उपयोग करा: गंध नसणे, दृष्टी खिळणे, साक्ष पटणे.
६. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या दगडाची, विहिरीची किंवा वास्तूची हकिकत वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.